चपला दारात, बीपी आभाळात

मले आयुष्यात एकदाच बीपी झालं गा, तेही दहा मिनिटांपुरतं. लग्नाले वर्षही झालं नव्हतं. चक्कर आली म्हणून बायकोनं मले धंतोलीतल्या एका डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरनं दंडाले पट्टा बांधला, हवा भरली अन् त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"या वयात एवढं बीपी? काही टेन्शन आहे का?"

"नाही जी."

दुसऱ्यांदा मोजलं, तर अजून वाढलेलं. डॉक्टर म्हणे, "भरती करावं लागेल." बायको रडाले लागली. माझी नजर सारखी दाराकडे जाऊन राहिली होती.

डॉक्टरनं विचारलं, "खरं सांगा, आता या क्षणी मनात काय चाललंय?"

"जी, दिवाळसणाच्या नव्या चपला बाहेर दारात काढल्या. तिथं पन्नास पेशंट बसले आहेत."

बायकोचं रडणं तिथंच थांबलं. "माझ्या बाबानं दिलेल्या? बाहेर काहून ठेवल्या?" म्हणत ती धावली अन् चपला घेऊन आली. त्या मांडीवर घेऊन बसलो. तिसऱ्यांदा मोजलं, तर एकदम नॉर्मल!

मी मान खाली घातली. "लई शरम वाटून राहिली, जी."

"लाजता कशाला?" म्हणत डॉक्टरनं टेबलाखाली बोट दाखवलं. तिथं त्याचे बूट होते. टेबलाच्या पायाले साखळीनं बांधलेले, वरून कुलूप.