सरळ अक्षरांचे ब्रेक

हिलाल : दाब.

गजराबाई : दाबं.

हिलाल : धरून ठेव. नट आवळेपर्यंत पाय उचलू नकोस. हं, आता सोड. कसं लागतं पायाला?

गजराबाई : कालनी खिचडीमा पाय ठेवा सारखं. खाले जास ते जासच.

हिलाल : म्हणजे ब्रेकच्या नळीत अजून हवा आहे. पण चाकाला जोडलेल्या बाटलीत बुडबुडे तर कधीच थांबले. हवा आत आहे आणि बाहेर यायला तयार नाही. आता काय, पाटावर बसवून ओवाळू तिला?

गजराबाई : सकायपासून दाब-सोड चालू शे. जुना ब्रेक काय वाईट व्हतात?

हिलाल : किंचाळत होते. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी आणायची, तर गाडी कशी गुमान थांबली पाहिजे. म्हणून सुरतेहून मोठ्या गाडीच्या ब्रेकचे चार नवे सिलेंडर आणले, चाकाला एक, स्वतःच्या हातांनी बसवले. आता ब्रेक अजिबात किंचाळत नाहीत. ओरडायचं काम माझ्याकडे आलं.

गजराबाई : आन थांबायनं काम कडबानी गंजीकडे.

हिलाल : त्या गंजीला नावं ठेवू नकोस. अख्ख्या खापर गावात मला उभं राहून भेटली ती तेवढीच. काल विहीणबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी राम राम म्हणत आलो आणि राम राम म्हणतच त्यांच्यासमोरून पुढे गेलो. ब्रेक दाबलेलाच होता. पाय पार खाली टेकला होता.

गजराबाई : सुगंधाबाई हसनी का?

हिलाल : हसल्या असत्या तर बरं होतं. त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, 'भाऊ, मीनाला असल्या गाडीत धाडणार नाही. एस.टी.च्या गर्दीतही नाही. परवा आठवा महिना लागतो. त्याच्या आत गाडी थांबवता आली तर या, नाहीतर बाळंतपण इथेच होईल.'

गजराबाई : त्यासनं काही चुकनं नही.

हिलाल : मी कुठे म्हणतो चुकलं?

गजराबाई : मी पहिली खेप सासरीच बाळंतीण व्हयनी. तुमनी माय चांगली व्हती, पण दुसऱ्यांदा पाणी मांगानी माले लाज वाटे. तहान लागे, आन मी डोया मिटीसन पडी ऱ्हाऊ. मीनाले तसं नको.

हिलाल : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

गजराबाई : तुम्ही तवय बैलजोडी दखाले गया व्हतात. विसरवाडीना बाज्या मिस्तरीले बलावा.

हिलाल : तो स्वतःच येतो म्हणाला होता. मीच नको म्हटलं.

गजराबाई : काबं?

हिलाल : म्हटलं, बाज्या, आता मला वाचता येतं.

गजराबाई : वाचीसन ब्रेक बसाडतस का?

हिलाल : पन्नाशीला आलेला माणूस प्रौढ वर्गात दोन वर्षं बसला की त्याला वाटतं, वाचून काहीही बसवता येतं. वर्गात गेल्यापासून मी घरातही पुस्तकासारखा बोलतो.

गजराबाई : ते बैलेसले बी कळी गयं. 'कृपया वळा' बोलनात तुम्ही त्यासले.

हिलाल : एकदाच बोललो. बरं, उतर खाली. उजवं चाक पुन्हा काढतो. पान्हा दे. तो नाही, मोठा.

गजराबाई : हाऊ बारीक नट कसाना?

हिलाल : तोच तर. हवा काढायचा. तू पायाने तेल रेटतेस, मी तो सैल करतो, तिथून हवा बाहेर पडते.

गजराबाई : डावा चाकले तो वर शे. आठे खाले काबं?

हिलाल : कुठे?

गजराबाई : दखा ना. तठे वर, आठे खाले.

हिलाल : ते अक्षरांमुळे.

गजराबाई : कोनता अक्षरं?

हिलाल : हे बघ, सिलेंडरवर इंग्रजी अक्षरं ओतली आहेत. गुरुजींनी मला ए-बी-सी-डी दाखवली आहे. डाव्या जोडीवर ती सरळ होती. उजवी जोडी लावायला गेलो तर अक्षरं खाली डोकं वर पाय. म्हटलं, कारखान्यात कोणी अडाणी असेल. मी सिलेंडर फिरवला आणि अक्षरं सरळ करून बसवला. उजवीकडच्या दोन्ही चाकांना तसंच केलं.

गजराबाई : मी घागर पालथी करीसन विहीरमा दाबी, ते हवा कोठे ऱ्हास?

हिलाल : वर. घागरीच्या बुडाशी.

गजराबाई : आन तुम्ही भोक खाले करेल शे.

हिलाल : म्हणजे हवा वर, आणि तिची वाट खाली.

गजराबाई : मंग ती निंघी कशी?

हिलाल : चाळीस वेळा तुला पाय दाबायला लावला. दोन डबे तेल जमिनीला पाजलं. व्याह्याची गंजी मोडली. कशासाठी, तर चाकाच्या आत, जिथे कोणी वाचणार नाही, तिथे अक्षरं सरळ दिसावीत म्हणून. आणि कारखान्यातल्या माणसाला मी अडाणी म्हटलं.

गजराबाई : पान्हा ल्या.

[दुपार कलते. उजवीकडचे दोन्ही सिलेंडर फिरून बसतात.]

हिलाल : दाब. बुडबुडे बघ कसे येतात, भजी तळल्यासारखे. सोड. पुन्हा दाब. आता?

गजराबाई : थांबा. हां. आते दगडवर पाय ठेवा सारखं शे. खालेच जात नही.

हिलाल : खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस.

गजराबाई : मन्ही पोर बसणार शे गाडीमा. तुम्हले बरं वाटाले मी काबं बोलू?

हिलाल : तरी त्या बाभळीपर्यंत चालवून बघतो. तू तिथे उभी राहा. कुठे थांबलो ते नीट कळेल.

गजराबाई : मी कडबा नही. मी गाडीमा बससू.

हिलाल : तू? गाडी आणल्यापासून चालत्या गाडीत एकदा तरी बसलीस का?

गजराबाई : आज बससू. आठे थांबनी ते तशीच खापरले चाला. पोरना करता डिंकाना लाडू बांधी ठेयेल शेत.

हिलाल : कधी बांधलेस?

गजराबाई : तुम्ही गंजीमा गयात त्याच सांजले.

हिलाल : बस मग. हळू नेतो… धर घट्ट. हा बघ, लावला.

गजराबाई : थांबनी.

हिलाल : थांबली. आणि पुढे काही नसताना थांबली.

गजराबाई : मंग काय दखी ऱ्हायनात चाककडे?

हिलाल : काही नाही. आतलं आता कोणाला दिसणार नाही. पण उजव्या बाजूला अक्षरं उलटी आहेत, हे मला वाटभर आठवणार.

गजराबाई : माले कोठे वाचता येस? माले ते डावीकडली बी तशीच दिसनीत. चाला.