साहेबांचा सत्कार

दिल्लीत शिकताना मला वाटायचं, आपल्या बदलापुरात नाटक म्हणजे नुसती गणपतीतली हौस. परत आले आणि बेलवलीच्या शाळेच्या हॉलमध्ये एमआयडीसीतल्या कामगारांचं नाटक बघताना चक्क रडत होते. स्टेजवर आई नुकतीच मेली होती, मुलगा उशाशी बसला होता, हॉल चिडीचूप. तेवढ्यात नगरसेवक आले. नाट्यमंडळाच्या अध्यक्षांनी सरळ स्टेजवर जाऊन माईक धरला. "दोन मिनिटं नाटक थांबवू. साहेबांचा सत्कार करू."

शाल-नारळ झालं, पण पुष्पगुच्छ द्यायला बाई हवी. अध्यक्ष वाकून म्हणाले, "सुलभाताई, उठा जरा."

आणि मेलेली आई उठली! गुच्छ देऊन परत मेली. पब्लिक इतकं हसलं, की मुलाचा हुंदका कोणाला ऐकूच आला नाही.

नंतर मी अध्यक्षांवर भडकले. "काका, नाटकाचा खून केलात तुम्ही!"

"अगं, हॉल त्यांच्यामुळे मिळतो. तू चार दिवसांची पाहुणी, तुला बोलायला काय जातंय?"

हे मात्र लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच सुलभाताईंचं घर गाठलं. म्हटलं, "मला मंडळात घ्या. पुढच्या प्रयोगाला दाराला आतून कडी मी लावणार, आणि पडदा पडेपर्यंत कोणाच्या बापासाठी उघडणार नाही."