इच्छुकांनी यावे

अहो, सन एकोणीसशे त्रेचाळीस, मार्गशीर्ष महिना, थंडी अशी की पहाटे मिशीला दव धरतंय, उसाला तोड लागलेली, गुऱ्हाळ पेटलेलं, काहिलीवर रस ढवळायला माणूस हवा, चुलवणावर जाळ घालायला माणूस हवा, आणि मी कुठं? तर सांगलीला! कॉलेजात! पहिल्या बाकावर! वय वर्षं बासष्ट, शिक्षण मराठी दुसरी, तीही अर्धी, कारण उरलेल्या अर्धीत म्हैस व्याली... आणि समोर फळ्यावर हवेचं चित्र! हवेचं! जी दिसत नाही तिचं!

तुम्हाला सांगतो, दोष माझा नाही. दोष त्या कागदाचा.

टपालवाल्यानं अंगणात येऊन कागद दिला. इंग्रजी टाइप, खाली शिक्का. आता आमच्या कोरेगावच्या बाजूला घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळं शिक्क्याचा इंग्रजी कागद आला की बायका आधी चुलीवरचं उतरवतात आणि मग विचारतात, कुणाच्या घरचा गेला. माझा मुलगा आकाराम तिकडं इटलीत आघाडीवर. त्याची बायको अंजना, माझी सून, ती कागद बघून उंबऱ्यातच बसली. ‘आबा, वाचू नगा... आत्ताच वाचू नगा...’ मी म्हटलं, अगं, मला वाचता कुठं येतंय!

कागद घेऊन गेलो तलाठ्याकडं. पाय चालत होते, एवढंच सांगतो. तलाठ्यानं चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि म्हणतो कसा, नाकातून, ‘अं... हवालदार, हा तुमच्या नातवाच्या कॉलेजचा आहे. हवामानाच्या वर्गाचा. आगामी कार्यक्रम आणि विद्यार्थ्यांस उपलब्ध संधी.’

मी आधी खाली बसलो. मग म्हटलं, वाचा.

‘सोमवारी व्याख्यान. मंगळवारी नकाशावाचन. बुधवारी अर्जाची मुदत संपणार. गुरुवारी सकाळी फुगा.’

‘फुगा?’

‘फुगा.’

‘कॉलेजात?’

‘सोडायचा आहे.’

‘कशाला?’

‘तसं लिहिलेलं नाही.’

म्हटलं, बाकी राहू द्या, हुकूम काय आहे ते सांगा! तो म्हणाला, हुकूम नाही, ‘इच्छुकांनी यावे’ एवढंच आहे. आता हे काय झालं? मी सतरा वर्षं पलटणीत काढली. या म्हणजे या, जा म्हणजे जा, मर म्हणजे तेही ऐकलं. पण इच्छा असेल तर या? शिक्का मारून? इच्छा कुणाची? तलाठ्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘ज्याची त्याची.’ अशानं राज्य चालतं?

खाली आणखी एक ओळ होती. ती ऐकली आणि माझे कान उभे राहिले. ह्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याला फेब्रुवारीत पुण्याच्या वेधशाळेत शिकायला पाठवणार, पुढं सरकारी नोकरी. एकच जागा. काम काय? ढग बघायचे, वारा मोजायचा आणि वहीत लिहायचं. लढाईत विमानं उडतात, त्यांना लागतं म्हणे.

आता खरं सांगतो, पुन्हा सांगणार नाही. भरतीवाले दर महिन्याला चावडीवर येतात, पोरांच्या छात्या मोजतात. माझ्या जोतीरामाची छाती मागच्या खेपेला त्यांनी नुसत्या नजरेनं मोजली. मी गेलो होतो, मागच्या लढाईत बसऱ्याच्या चिखलात दोन वर्षं काढली, तक्रार नाही. आकाराम इटलीला गेला, तक्रार नाही. पण नातवानं ढग बघावेत. बस.

आणि जोतीराम कुठं? तर घरात! गालगुंड! दोन्हीकडून! तोंड भोपळ्यासारखं, वर हळद-चुन्याचा लेप, त्यावर माझं जुनं धोतर फाडून जबडा बांधलेला. डॉक्टरनं बजावलंय, बारा दिवस माणसांत जायचं नाही. मग आता करायचं काय? तुम्ही काय केलं असतं? आमच्याकडं उसाला पाण्याची बारी असते. बारी आली आणि घरधनी तापानं पडला, तर बारी थांबते का? घरातलं दुसरं कुणीतरी बांधावर जाऊन उभं राहतं. उभं राहिलं नाही तर पाणी पुढच्याच्या रानात. सरळ हिशेब आहे. जोतीरामाची बारी आली, जोतीराम पडला, म्हणून मी निघालो.

जोतीराम ‘अं! अं! ऊं!’ करून हात नाचवायला लागला. अंजना म्हणाली, ‘आबा, त्ये पोर नगो म्हनतंय.’ म्हटलं, जबडा बांधलेलं माणूस हो म्हणतंय का नको, ते तुला काय कळतं? त्यानं पाटीवर काहीतरी लिहून पुढं केलं. मला सहीपुरतं येतं. मी पाटी उलटी धरून मान डोलावली आणि गाडीला गेलो.

माधवनगरला माझा भाचा कोंडीबा गिरणीत मागावर आहे, त्याच्याकडं उतरलो. सगळं ऐकून तो म्हणतो, ‘मामा, कालिजात म्हाताऱ्यास्नी घेत्यात व्हय? मग मला बी बघा की येकांदी जागा!’ आणि हसतोय, खोकतोय, पुन्हा हसतोय. मी म्हटलं, कोंडीबा, दात आवर, आणि कॉलेजची वाट दाखव.

सोमवार. वर्गात गेलो. फेटा, कोट, छातीवर बसऱ्याचं पदक, हातात काठी. पंधरा-सोळा पोरं आणि एक पोरगी. मास्तर विष्णुपंत म्हणून, पातळ माणूस, दर वाक्याआधी घसा साफ करणारा. हजेरी सुरू झाली. जोतीरामाचं नाव आलं. मी ताडकन उभा! टाचेला टाच! ‘हजर!’

वर्ग असा हसला की खिडकीतली चिमणी उडाली.

‘आपण... अहम्... कोण?’

‘जोतीरामाचा आजा. तो आजारी आहे. मी बारीला आलोय.’

‘आजोबा, अहम्, इथं बदली चालत नाही हो.’

‘कुठं लिहिलंय? हुकूम काय आहे ते सांगा!’

विष्णुपंतांनी कागद घेतला, वरून खाली वाचला, खालून वर वाचला. नव्हतं! बदली चालत नाही असं कुठंच नव्हतं! ‘अहो, पण इच्छुकांनी यावे म्हटलंय. तुम्हाला हवामान शिकायची इच्छा आहे का?’ म्हटलं, ‘अजिबात नाही. तरी आलोय. बघा.’ मग बसा म्हणाले.

बसलो. ते म्हणाले, हवेला वजन असतं. मी मागं वळून बघितलं, कुणी हसतंय का. कुणी नाही! सगळे लिहून घेतायत! हवा आपल्याला सगळ्या बाजूंनी दाबते म्हणे. बासष्ट वर्षं दाबतेय आणि मला पत्ता नाही? सावकाराचा दाब कळला, सुभेदाराचा कळला, हिचाच कळू नये? मंगळवारी त्यांनी हिंदुस्थानचा नकाशा पसरला, त्यावर वाकड्यातिकड्या रेघाच रेघा, एका रेघेत दुसरी, दुसरीत तिसरी. म्हटलं, आता जरा माझ्या माहितीतलं आलं. विचारलं, ‘मास्तर, ह्या बांधांचे मालक कोण?’ ते म्हणाले, ‘आजोबा, हे बांध नव्हेत, सारख्या दाबाच्या रेषा.’ ‘बरं. कुणी आखल्या?’ ‘आम्ही.’ ‘जमिनीवर आहेत?’ ‘नाहीत.’ ‘मग भांडणं कशावरनं होतात?’ ...त्यांनी खडू खाली ठेवला आणि पाणी प्यायले.

पण शिकलो हं मी. काय शिकलो ते मात्र विचारू नका.

बुधवार आला. अर्जाचा शेवटचा दिवस. अर्ज इंग्रजीत. मी व्हरांड्यात कागद गुडघ्यावर घेऊन बसलेलो, ह्या खांबाकडून त्या खांबाकडं बघतोय. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणतोय, हुकूम काय आहे ते सांगा, कुठं काय भरायचं? पोरं हसून पुढं. एवढ्यात ती पोरगी आली. चारुशीला. सांगलीचीच, वकिलाची मुलगी, दोन वेण्या, बोलणं तुरुतुरु. ‘द्या आजोबा, मी लिहिते. जोतीरामची जन्मतारीख सांगा.’

‘ज्या साली कृष्णेला मोठा पूर आला, त्याच्या दुसऱ्या साली, बेंदराच्या आदल्या दिवशी.’

‘बरं,’ म्हणाली, आणि बोटांवर मोजून तारीख लिहिलीसुद्धा! त्याचे मार्क तिला पाठ, तो वर्गात पहिला-दुसरा हेही तिनंच लिहिलं. मी म्हटलं, पोरी, पहिला-दुसरा म्हणजे काय? एक काहीतरी सांग. ‘कधी तो पहिला, कधी मी.’

माझ्या डोक्यात उजेड पडला. ‘म्हणजे ह्या जागेला तुझाही अर्ज आहे?’

‘आहे की. वैशाखात माझं लग्न ठरलंय. एकदा सासरी गेले की कुठली वेधशाळा आणि कुठलं काय? मला ही जागा हवीच आहे.’

‘मग त्याचा अर्ज का लिहितेस?’

‘आजारी माणसाला हरवून काय मिळवायचं, आजोबा? इथं त्याची सही हवी.’

मी माझी ठोकली. बारीला जो उभा, सही त्याची.

आता बघा, मी कुणाचं ठेवत नाही. आयुष्यात नाही ठेवलं. नव्या गुळाची ढेप भाच्यासाठी आणली होती, ती दुपारी उचलली, डोक्यावर घेऊन माधवनगरहून सांगलीपर्यंत चालत गेलो, वकिलाच्या दारात ठेवली. ती हसत बाहेर आली. ‘चार ओळींची एवढी मोठी ढेप? मुळीच घेणार नाही. न्या परत!’ परत! तीच ढेप, तेच डोकं, तोच रस्ता! कोंडीबा दारातून म्हणतो, ‘मामा, गूळ फिराय गेलता व्हय?’ ढेप परत आली, पण तिचं देणं माझ्या डोक्यावर तसंच.

आणि गुरुवार. फुगा.

मैदानात तिवईवर दुर्बीण. लोखंडी नळकांड्यातून फुग्यात वायू भरणं चाललंय. मी थंडीचा म्हणून बिडी पेटवली, तर विष्णुपंत घसा साफ न करता ओरडले! पहिल्यांदाच! तो वायू भडकतो म्हणे. बिडी विझवली. मग त्यांनी समजावलं. फुगा वर जाणार, वारा नेईल तसा जाणार, दुर्बिणीतून तो धरून ठेवायचा आणि दर मिनिटाला शिट्टी झाली की दुर्बिणीच्या चकतीवरचे अंश वाचायचे. त्यावरून वरचा वारा कळतो. जो दहा मिनिटं फुगा सोडणार नाही, तो पुण्याला. फुगा हरवला तर शोधून द्यायला शेजारी माणूस चालेल, वेधशाळेतही असतो, अंश मात्र ज्याचे त्यानं वाचायचे. लढाईमुळं रबर नाही, फुगे तीनच. अर्जही तीनच. आणि तिघांनाही जमलं नाही, तर संक्रांतीनंतर नवे फुगे आले की परीक्षा पुन्हा.

मी म्हटलं, हुकूम कळला. पहिल्यांदा कळला!

पहिला मधु नावाचा पोरगा. तिसऱ्या शिट्टीला फुगा गेला. मग जोतीरामाची बारी. मी उभा राहिलो. दुर्बिणीला डोळा लावला तर आत काय? माझीच पापणी! एवढी मोठी, झुडपासारखी! विष्णुपंत म्हणतायत, ‘आजोबा, फुगा दिसतो का?’ म्हटलं, दिसतो की. आणि नळी सोडून उघड्या डोळ्यांनी काठी रोखली. ‘तो काय!’ शिट्टी झाली. ‘अंश सांगा!’ ‘अंश कसले? तो तिथं आहे, चिंचेच्या शेंड्यावर चार बोटं!’ ‘बोटं नको, अंश!’ अहो, दहाच्या दहा मिनिटं फुगा मला दिसत होता! बारीकसा, तिळाएवढा! जवळचं मला धूसर दिसतं, पण लांबचं विचारू नका, मैलावरच्या रानात कुणाची म्हैस शिरली ते मी सांगतो. पण चकतीवरचे आकडे मला येत नाहीत. वहीत विष्णुपंतांनी लिहिलं: शून्य.

उरली चारुशीला. तिसरा फुगा सुटला. एक शिट्टी, दोन, पाच, सात. पोरगी दर वेळी खणखणीत अंश सांगते. आठव्याला वरच्या वाऱ्यानं फुगा एकदम वळवला. तिनं नळी इकडं फिरवली, तिकडं फिरवली. ‘गेला... सर, गेला हो...’ आवाज रडवेला. शेजारी शोधायला मधु उभा, त्याला डोळ्यासमोरचा मास्तर दिसत नाही, फुगा काय दिसणार!

मला दिसत होता.

तुम्हाला सांगतो, त्या वेळी मी गप्प राहिलो. किती? चार श्वास. गप्प राहिलो तर संक्रांतीनंतर परीक्षा, तोवर जोतीरामाचे गाल उतरलेले, चकतीवरचे आकडे त्याला येतात, जागा त्याची. बोललो तर जागा गेली, आणि चावडीवर भरतीवाले आहेतच. हुकूम काय आहे ते सांगा, म्हणून आजूबाजूला बघितलं. सांगायला कुणी नव्हतं. सगळे वर बघत होते, आणि ती एकटी दुर्बिणीला डोळा लावून, ओठ दाताखाली धरून...

काठी उचलली. ‘पोरी, ती घार दिसतेय ना? तिच्या डावीकडं ये. आणखी. आता दोन बोटं खाली.’

शिट्टी झाली. तिनं अंश सांगितले.

दहावी शिट्टी झाली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या, ती धावत आली, काहीतरी बोलायला लागली. मी म्हटलं, गाडीची वेळ झाली.

रात्री घरी पोचलो. जोतीरामाचा जबडा सुटला होता. अंथरुणावर उठून बसला आणि म्हणाला, ‘आबा, माझ्या जागेचं काय झालं?’

म्हटलं, तुझा अर्ज जिनं लिहिला, तिचं देणं होतं. ते दिलं.