डबा परत जायचा तेव्हा

जेवण झालं का मी लगेच डबा घासतो, म्हणून हसता न लेकहो? मंग ऐका.

तुमसरले खोली करून शिकत होतो. सकाळच्या एसटीनं बपेऱ्याहून आईचा डबा यायचा, संध्याकाळच्या गाडीनं मी तो रिकामा वापस धाडायचो. कधी सिनेमाले गेलो तर राहून जायचा. दुसऱ्या दिवशी दोन्ही डबे संगच पाठवायचो.

एकदा आरोग्याच्या तासाले मॅडमनं तक्ता दिला. घरात कोण किती वाजता जेवते, ते भरून आणायचं होतं. रविवारी घरी जाऊन लहान बहिणीले विचारलं.

“बाबा?”

“बारा वाजता.”

“आन् आई?”

“तुमचा डबा आला का मंग.”

“काहून?”

“डबा रिकामा दिसला का तिले समजते, पोरगा जेवला. मंग ते जेवते.”

“अन् डबा नाही आला त?”

“मंग तशीच निजते.”

आईच्या नावापुढचा रकाना मी कोराच ठेवला. मॅडम म्हणाल्या, “तक्ता अपुरा आहे.” म्हटलं, “हो मॅडम.”

आता आई नाही. मी वेळेवर जेवतो, डबा घासून पालथा घालतो, अन् जेवायच्या आधी संध्याकाळची गाडी निघून गेली, त मंग मले भूकच लागत नाही.