खात्रीचं एक वर्ष

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी मी विद्यापीठात, माणसं जोखीम कशी पत्करतात याच्या प्रयोगाला गेलो होतो. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं प्रयोग आटपून बसलं होतं.

“काय निवडलंत हो?” बाईंनी नवऱ्याला विचारलं.

“खात्रीचे शंभर घेतले. नाणं उडवून तीनशे नाहीतर शून्य, ते नको म्हटलं.”

“इथं एवढे भित्रे, आणि ऑपरेशनला बरे तयार झालात! वाचायची शक्यता निम्मीच म्हणाले ना डॉक्टर?”

“वाचलो तर दहा वर्षं मिळतील गं तुझ्याबरोबर. नाही केलं तर एकच.”

“मला विचारलंत?”

“आता विचारतो.”

“मला एकच द्या. रोज समोर बसा.”

“रोज कटकट करशील.”

“करीन.”

“बरं. नाही करत ऑपरेशन.”

पुढे त्या बाई बाजारात भेटल्या, तेव्हा कळलं. आजोबा त्या दिवसानंतर चौदा महिन्यांनी, मार्चच्या नऊ तारखेला, घरीच गेले.