सोमाण्णाची शपथ खरी व्हती

गुंदची मंडळी, अणशीहून चालत आलेले पावणे, आणि त्या खांबाआड बसलेल्या सोमाण्णाच्या घरच्या वैनी. मास्तर मला म्हणाले, "दुलबा, तू सोमाण्णाचा शेजारी, त्याच्या शोकसभेत दोन शब्द बोल." दोन शब्द! बैलांवर वरडणारा माणूस मी, सभेत कवा बोललोय? दुःख तर हायच, पण त्याच्यावर भ्या हाय. कसलं भ्या, ते सांगतो.

सोमाण्णा आपला गावकार. ह्याच देवळासमोर उभं ऱ्हाऊन गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचा, तर ओढ्यापलीकडं ऐकू जायचं. गेल्या सालच्या लावणीला त्याच्या गालात आतनं एक फोड आला. सकाळी उठला की जिभेनं चाचपायचा आणि मला म्हणायचा, "दुलबा, आज जरा बारका लागतोय, न्हाई का रं?" आता त्याच्या तोंडातला फोड, मला काय कळणार? मी म्हणायचो, "व्हय अण्णा, बारका झालाय."

फोड वाढला. गालाला भोक पडलं. अण्णा पंचा गुंडाळून हिंडू लागला. जेवताना भिंतीकडं तोंड करून बसायचा. एकदा मला इचारलं, "माझ्या तोंडाला वास येतो का रं?" मी म्हणालो, "छे! कुठं?" आणि म्हणता म्हणता एक पाऊल मागं सरलो. त्यानं माझ्या पायाकडं बघितलं. मंडळी, परत हा प्रश्न त्यानं कुणाला इचारला न्हाई.

बैलगाडीनं लोंढा गाठला, तिथनं रेल्वेनं बेळगाव. डाक्टरनं तोंड उघडून बघितलं. म्हणाला, ह्याला कर्करोग म्हणतात. मग इचारलं, "तंबाखू गालात धरता?" आम्ही दोघं हसलो. अहो, आमच्याकडं कोण धरत न्हाई? आत्ता ह्या मांडवातले किती गाल फुगलेत, एकमेकाचे बघा की! डाक्टर काय हसला न्हाई. लई उशीर झाला, एवढंच म्हणाला.

पण गावानं डाक्टरचं ऐकलं न्हाई. मागं दोन भावांत बांधाचा तंटा झाला व्हता, आठवतंय न्हवं? निकाल लागंना, तवा सोमाण्णानं ह्या पायरीला हात लावून शपथ घेतली, की हद्दीचा धोंडा जांभळीच्या बुडाशीच व्हता. आता कुजबुज सुरू झाली. खोटी शपथ घेतलेलं तोंडच सडतं म्हणे! पाणवठ्यावर वैनी आल्या की बायका घागरी उचलायच्या. अण्णाच्या घरात कुणी पाणी पिईना. गाऱ्हाणं दुसऱ्याच्या तोंडी गेलं.

आणि मी काय केलं? मीच त्याला म्हणालो, "अण्णा, कबूल करून टाक. देव माफ करील. फोड बरा हुईल."

त्यो म्हणाला, "अरे, पण मी खरंच बोललो व्हतो. तू सोबत व्हतास की."

व्हय, मी सोबत व्हतो! धोंडा मी ह्या डोळ्यांनी बघितला व्हता. तरी मी म्हणालो, "तरीबी कबूल कर." बुडत्याला काडीचा आधार, मंडळी. जगायसाठी भ्यालेला माणूस काय करायचं सोडतो? हितं उभं ऱ्हाऊन, पंचा सोडून, लाळ पुशीत त्यो म्हणाला, "मी खोटं बोललो." तुम्ही समदे ऐकत व्हता. नारळ फोडला, कोंबडं दिलं. फोड काय थांबला न्हाई.

पुढं घोटभर पेज गिळायची म्हटली तरी त्यो थरथरायचा. माझं मनगट धरायचा. बोबड्या जिभेनं एकच सांगायचा, "दुलबा, खोटं तर मी आता बोललो रं. देवासमोर. आता देव सोडायचा न्हाई." मी म्हणायचो, सोडील, सोडील. माझं ऐकूनच त्यो त्या संकटात पडला. रोगाचं भ्या व्हतंच, त्यावर हे दुसरं भ्या मी घातलं. दोन्ही घेऊन गेला त्यो.

आणि अजून गाव गप बसलंय का? चिता इझायच्या आत अण्णाच्या थोरल्या पोरीची सोयरीक मोडली. खोट्याची लेक नको म्हणाले. लाज वाटली मला. त्या लेकराचा काय दोष?

म्हणून मी आज ह्या पायरीला हात लावणार हाय. थांबा, लगेच न्हाई. मास्तर, जरा हिकडं उजेडात या. माझ्या डाव्या गालात आत बघा. दिसला पांढरा डाग? बोट लावू नका, आग व्हते. सुगीपासनं हाय. बायकोलाबी सांगितलेलं न्हाई. ए, तू रडू नगंस, बस तिथं. पाटील, तुम्हीबी बघा. अजून दोघं-चौघं या. नीट बघून घ्या.

का दावतोय? उद्या हा डाग वाढला, तर तुम्हीच म्हणाल, दुलबानं खोटी शपथ घेतली, म्हणून तोंड सडलं. मग माझा शब्दबी गेला आणि अण्णाचाबी गेला. म्हणून आधी डाग बघा. डाग आधीचा, शपथ आत्ताची. एवढं ध्यानात ठेवा, माझ्या मागं पोराबाळांना सांगा.

देवा, हा माझा हात. धोंडा जांभळीच्या बुडाशीच व्हता. सोमाण्णा खरं बोलला व्हता. खोटं त्याला मी बोलायला लावलं.

वैनी, ऐकलंत न्हवं?

आता उभं ऱ्हावा, मंडळी. गालातलं थुंका आणि उभं ऱ्हावा. अण्णासाठी हात जोडा. अण्णा, मला लई भ्या वाटतंय रं. माझा नमस्कार घे.