रोज एक बिघाड

तुम्ही क्लासचं कौतुक सांगताय, तर आमच्या पोरीचं, संगीताचं ऐका. कॉम्प्युटर हार्डवेअरच्या परीक्षेसाठी ती नुसतं पुस्तक पाठ करायची. मी आनंदनगरला कारखान्यात फिटर. म्हटलं, "पाठ करून मशीन चालू होत नाही." उल्हासनगरातून जुना कॉम्प्युटर आणला. रोज कामावर जाताना त्यातली एखादी वायर उपसायचो, नाहीतर एखादं कार्ड सैल करायचो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण बिघडवायला शिक्षण लागत नाही. संध्याकाळपर्यंत तिने बिघाड शोधायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी घरी आलो, तर मशीन बंदच.

बायको म्हणाली, "आज तरी सांगा तिला. दुपारपासून जेवली नाही. उद्या नापास झाली तर तुमच्यामुळे."

संगीताने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"बाबा, आज तुम्ही काहीच केलेलं नाही. पॉवर सप्लायच जळलाय."

खरं होतं. परीक्षा तोंडावर म्हणून त्या दिवशी मी मशीनला हातही लावला नव्हता.

मी उठलो आणि पेढे घेऊन आलो.

"अहो, परीक्षा उद्या आहे," बायको म्हणाली.

"ती त्यांची. माझी आज झाली."

निकाल लागला तेव्हा पोरगी त्यांच्याही परीक्षेत पास झाली.